डॉक्टर, पास का नापास?

(मार्च १९८६ च्या दहावीच्या तुकडीच्या मेळाव्यात, दिवाळी २०२४ मध्ये केलेलं भाषण. बोललो तसंच इथं दिलं आहे.)



संयोजकांनी मला सांगितलं, "वीस मिनिटं आरोग्यावर बोल. साखर, बीपी, सकाळी चाला, असं काहीतरी." मी हो म्हणालो आणि घरी जाऊन विचार केला की हे तर रोज सकाळी मोबाईलवर येतंच. आणखी माझ्याकडून कशाला? शिवाय खरं सांगायचं तर मी पेशंट तपासणारा डॉक्टर नाही. मी जीवरसायनशास्त्राचा. माझ्याकडे माणूस येत नाही, त्याच्या रक्ताची नळी येते. तिच्यावर एक नंबर चिकटवलेला असतो. चेहरा नसतो.

म्हणून आज एका अशा नळीबद्दल बोलतो जिचा चेहरा मला माहीत होता. तो आपल्याच वर्गातला आहे आणि आत्ता तिसऱ्या रांगेत बसला आहे. त्याचं नाव घेत नाही. तुम्ही सगळे ओळखताच, पण हे भाषण स्मरणिकेत छापायचं आहे म्हणून. त्याची आणि वहिनींची परवानगी घेतली आहे. तो म्हणाला, "सांग की. पण माझं सांगशील तर तुझंबी सांग." तेव्हा आधी माझंच सांगतो.

२०१६ साली आपला व्हॉट्सॲपचा ग्रुप नवा नवा होता. एका रात्री त्यानं मला रक्ताच्या रिपोर्टचा फोटो पाठवला. कुठल्याशा शिबिरात तपासणी झाली होती. खाली लिहिलं होतं, "का रं डॉक्टर, पास का नापास?" मी जेवत होतो. एका हाताने फोटो मोठा करून पाहिला. उपाशीपोटी साखर ११८. ट्रायग्लिसराइड २१२. एचडीएल, म्हणजे ज्याला आपण चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतो, ३१. एसजीओटी ५८, एसजीपीटी ४९. प्लेटलेट १ लाख १८ हजार. मी उत्तर दिलं, "विशेष नाही. तेलकट कमी कर, वजन बघ." आणि एक अंगठा.

वजन बघ! अठ्ठावन्न किलोचा माणूस. शाळेत कबड्डीत त्याला कुणी धरू शकत नसे, कारण धरायला काही नव्हतंच. आणि गळ्यात तुळशीची माळ. दारूचा थेंब नाही.

त्या रिपोर्टमध्ये एक गणित लपलं होतं. ते मला येत होतं. मी केलं नाही. आज फळा आहे, खडू आहे आणि आपले गणिताचे सरही समोर आहेत, म्हणून करून दाखवतो. सर, चुकलो तर उभं करा.

माणसाचं वय घ्यायचं. त्याला एसजीओटीने गुणायचं. तो झाला अंश. छेदात प्लेटलेटचा आकडा हजारांत, गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. तेव्हा त्याचं वय ४६. ४६ गुणिले ५८ म्हणजे २६६८. एसजीपीटी ४९, वर्गमूळ ७. ११८ गुणिले ७, ८२६. भागाकार ३.२३.

याला फिब-फोर म्हणतात. २००६ मध्ये हे सूत्र प्रसिद्ध झालं. उत्तर १.३ च्या खाली आलं तर लिव्हरमध्ये घट्ट वण पडले असण्याची शक्यता कमी. २.६७ च्या वर आलं तर वण बरेच पडलेत असं धरून पुढची तपासणी करायची. सर, बाई, तुम्ही पासष्टच्या पुढे आहात, तुमच्यासाठी खालची रेघ २ ची. पस्तिशीच्या आतल्यांना मात्र हे गणित नीट लागू पडत नाही. त्याचं उत्तर ३.२३ होतं. एसजीओटी-एसजीपीटी थोडेसेच वाढलेले, त्यामुळे कुणाच्या नजरेत भरत नाहीत. खरी बातमी प्लेटलेटमध्ये होती. लिव्हर कडक झालं की त्यातून जाणारं रक्त तुंबतं, पाणथरी फुगते आणि फुगलेली पाणथरी प्लेटलेट अडवून ठेवते. मी जेवत जेवत प्लेटलेटच्या ओळीवरून पुढे गेलो.

तुम्ही म्हणाल, दारू नाही, वजन नाही, मग लिव्हरला काय झालं? इथे आपल्या पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांची गोष्ट सांगायलाच हवी. ते आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. युडकिन, दोघांचा एकत्र फोटो २००४ साली लॅन्सेट या नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. दोघेही दिसायला सडसडीत. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणजे आपण बाहेरून बारीक आणि आतून चरबीचे. ही चरबी पोटात आणि लिव्हरमध्ये साठते. याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. आईच्या पोटात असताना जे मिळालं नाही त्याची खूण देहात कशी राहते, हे त्यातून दिसत गेलं. आपण १९७० च्या आगेमागे जन्मलेली मुलं. ७२ च्या दुष्काळातलं सुकडीचं पाकीट आपल्यापैकी किती जणांना आठवतं ते हात वर करून सांगा. बघा.

ट्रायग्लिसराइड जास्त, एचडीएल कमी, साखर काठावर. या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या की लिव्हरमध्ये चरबी आहे असं आधी मानावं आणि मग नाही असं सिद्ध करावं. सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' लिहून येतं आणि लोक म्हणतात, सगळ्यांनाच असतं. बऱ्याच जणांना असतं हे खरं. त्यातल्या थोड्यांच्या लिव्हरला सूज येते, त्यातल्या आणखी थोड्यांना वण पडतात, आणि वण पडलेल्या लिव्हरमध्ये कर्करोगाची गाठ होऊ शकते. ते थोडे कोण, हे बाहेरून कळत नाही.

२०१९ च्या दिवाळीनंतर ऊसतोडीच्या धावपळीत त्याच्या पायाला सूज यायला लागली. तपासणी झाली. कोलेस्टेरॉल ९८. घरचे म्हणाले, "बघा, कोलेस्टेरॉल किती छान आलंय." हा फार फसवा आकडा. कोलेस्टेरॉल तयार कोण करतं? मुख्यतः लिव्हर. गिरणीच बंद पडत आली तर पोत्यात पीठ कुठून येणार? एचबीए-वन-सी, म्हणजे तीन महिन्यांची साखर, ५.९. तेही बरं दिसलं. पण ती तपासणी तांबड्या पेशीला किती साखर चिकटली ते मोजते, आणि पेशी सुमारे १२० दिवस जगते हे गृहीत धरते. फुगलेल्या पाणथरीत पेशी लवकर मरतात, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळत नाही. बोटातून रोज घेतलेली साखर दोनशेच्या पुढे होती आणि हा कागद ५.९ म्हणत होता. अल्ब्युमिन २.७. ते एक मात्र खरं बोलत होतं.

सोलापूरला सोनोग्राफी, मग पुण्यात सीटी. दोन गाठी. एक २.८ सेंटिमीटर, दुसरी १.९. रक्तात अल्फा-फीटोप्रोटीन २४०.

गावात काय बोललं गेलं ते तुम्हाला माहीत आहे. माळ घालून चोरून पीत असणार. मला याचा राग अजून आहे. लिव्हर म्हटलं की आपल्याकडे एकच कारण सुचतं. हिपॅटायटीस बी, सी, चरबी आणि मधुमेह, बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातलं अफ्लाटॉक्सिन, ही कारणं कुणाच्या डोक्यात येत नाहीत. (बुरशीचे, कडू लागणारे दाणे चटणीत ढकलू नका, भाजल्याने ते विष पूर्ण जात नाही. हे जाता जाता.)

आता लिव्हर बदलायचा प्रश्न का आला ते सांगतो. गाठ कापून काढता येते, पण उरलेलं लिव्हर धड असेल तरच. याचं उरलेलं लिव्हर कामाचं नव्हतं. ते सगळंच काढून नवीन बसवलं तर गाठ आणि जिच्यात ती उगवली ती जमीन, दोन्ही जातात. थॉमस स्टार्झल यांनी अमेरिकेत १९६३ मध्ये माणसात पहिलं लिव्हर प्रत्यारोपण केलं, ते रुग्ण वाचले नाहीत. १९६७ मध्ये ज्या मुलीत ते पहिल्यांदा यशस्वी झालं तिला लिव्हरचा कर्करोगच होता. ती वर्षभरापेक्षा थोडी जास्त जगली आणि कर्करोग परत आल्याने गेली. पुढची बरीच वर्षं हेच होत राहिलं. मोठ्या गाठी असलेल्यांना नवं लिव्हर द्यायचे आणि औषधांनी प्रतिकारशक्ती दाबलेल्या शरीरात कर्करोग मोकाट सुटायचा. मग १९९६ मध्ये इटलीतल्या मिलान शहरातल्या माझाफेरो यांनी ४८ रुग्णांचा अनुभव छापला. एकच गाठ असेल तर ५ सेंटिमीटरपर्यंत, तीनपर्यंत असतील तर प्रत्येक ३ च्या आत, आणि रक्तवाहिनीत शिरलेली नको. एवढं पाळलं तर चार वर्षांनी शंभरातले ७५ जिवंत होते. याला मिलान निकष म्हणतात. आपला मित्र त्यात बसत होता.

पण नुसतं मापाने भागत नाही, हे पुढे कळलं. दोन माणसांच्या सारख्याच मापाच्या गाठी असतात. एकाला कर्करोग परत येतो, दुसऱ्याला येत नाही. गाठीचा स्वभाव सीटीत दिसत नाही, थोडाफार रक्तात दिसतो. अल्फा-फीटोप्रोटीन हे गर्भातल्या बाळाच्या लिव्हरचं प्रथिन. मोठ्या माणसात ते जवळजवळ नसतं. १९६३-६४ च्या सुमारास सोव्हिएत रशियात अबेलेव्ह आणि ततारिनोव्ह यांनी लिव्हरच्या कर्करोगात ते सापडतं हे दाखवलं. म्हणजे म्हातारी पेशी बाळासारखी वागायला लागते. २०१२ मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी गाठींची संख्या, माप आणि हा आकडा एकत्र करून गुण द्यायची पद्धत काढली. १०० च्या वर गेला की गुण चढतात, १००० च्या वर फार चढतात. जपानच्या क्योटोमध्ये दुसरी एक खूण वापरतात, पिव्हका. रक्त गोठवणारं एक प्रथिन लिव्हरमध्ये व्हिटॅमिन के वापरून पुरं केलं जातं. कर्करोगाच्या पेशी ते अर्धवट सोडून देतात आणि अर्धवट माल रक्तात येतो. तिसरी खूण साखरेची. कर्करोगाची पेशी साखर अधाशासारखी ओढते, हे जर्मनीच्या ऑटो वारबर्ग यांनी शंभर वर्षांपूर्वी पाहिलं होतं. पेट स्कॅन त्याच तत्त्वावर चालतो. लिव्हरची जी गाठ पेटमध्ये झगमगते, ती प्रत्यारोपणानंतर परत येण्याचा धोका जास्त. याची गाठ झगमगली नाही.

शस्त्रक्रियेची तयारी होईपर्यंत गाठीला रक्त पुरवणाऱ्या धमनीत औषध सोडून ती बंद केली. अल्फा-फीटोप्रोटीन २४० वरून ६० वर आलं. त्या दिवशी मी माझ्या प्रयोगशाळेत एकटाच खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो.

आता लिव्हर कुणाचं? मेंदू मृत झालेल्या दात्याचं मिळायला नोंदणी करून थांबावं लागतं. १९९४ चा अवयव प्रत्यारोपणाचा कायदा महाराष्ट्रात १९९५ पासून लागू आहे, पण दाते फार थोडे. आपल्या भागातल्या लोकांना विलासरावांचं आठवत असेल. बाभळगावचे सरपंच आणि आपल्या उस्मानाबाद जिल्हा परिषदेचे सदस्य, तेव्हा लातूर वेगळा जिल्हा झालेला नव्हता. १४ ऑगस्ट २०१२ रोजी चेन्नईत ते गेले. लिव्हर आणि किडन्या निकामी झालेल्या, प्रत्यारोपणाची तयारी, आणि वेळेत अवयव मिळाला नाही. दोनदा मुख्यमंत्री झालेल्या माणसाला मिळाला नाही. वाट बघणं म्हणजे काय ते यावरून समजा. म्हणून आपल्या देशात बहुतेक लिव्हर जिवंत नातेवाइकांकडून येतात.

मुलगा पुढे आला. तेवीस वर्षांचा, रक्तगट जुळणारा, बापासारखाच सडपातळ. सगळ्यांना वाटलं, झालं काम. त्याची तपासणी झाली आणि डॉक्टरांनी नकार दिला. त्याच्याही लिव्हरमध्ये चरबी होती, एवढी की अर्ध्याहून जास्त भाग काढला तर उरलेल्यावर त्याचं भागेल याची खात्री देता येईना. ज्या आजारातून बापाला वाचवायचं, त्याच आजाराची पहिली पायरी तेवीस वर्षांच्या पोराच्या पोटात. मला त्या संध्याकाळचा मुलाचा फोन आठवतो. तो रडत नव्हता. तो विचारत होता, "काका, किती दिवसांत चरबी कमी होते?"

तेवढे दिवस नव्हते. वहिनी म्हणाल्या, "माझी तपासा." त्यांचं लिव्हर स्वच्छ निघालं. खर्च वीस लाखांच्या पुढे होता. दीड एकर विकलं आणि बाकीचं तुम्ही सगळ्यांनी उभं केलं. कुणी किती दिले ते इथे सांगणार नाही. काहींनी दिलेल्या पैशांवर माझं अजून बारीक लक्ष आहे, कारण त्यांनी घरात न सांगता दिले होते.

जानेवारी २०२० मध्ये आपल्या गावात अखिल भारतीय साहित्य संमेलन भरलं होतं. तुम्ही ग्रंथदिंडीचे फोटो ग्रुपवर टाकत होता आणि तो पुण्यात दवाखान्याच्या खाटेवर पडून ते बघत होता. फेब्रुवारीत शस्त्रक्रिया झाली. वहिनींच्या लिव्हरची उजवी बाजू, साठ टक्क्यांच्या आसपास, त्याला बसवली. काही महिन्यांत दोघांचीही लिव्हरं वाढून जवळजवळ पूर्ण मापाची होतात. शरीरातला दुसरा कुठला आतला अवयव असं करत नाही.

त्या रात्री मी थिएटरबाहेर होतो. तिथल्या प्रयोगशाळेत माझा एक विद्यार्थी रात्रपाळीला होता. नव्या लिव्हरमध्ये रक्त सोडलं की शल्यविशारद एका आकड्याची वाट बघतात. लॅक्टेट. पेशींना प्राणवायू कमी पडला की ते साठतं आणि लिव्हर चालू असेल तर ते जाळून टाकतं. नवं लिव्हर कामाला लागलं का, हे सांगणारी याच्याइतकी तातडीची खूण दुसरी नाही. पहिला आकडा आला ६.८. तो पुरेसा वाईट. दोन तासांनी ४.१. पहाटे २.३. दोनच्या आत आलं की ठीक म्हणतात. मी मुलाला म्हणालो, "चालू झालं." त्याने विचारलं, "तुम्ही बघितलं?" म्हटलं, नाही रे, आकडा बघितला. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या उत्तराची लाज वाटली नाही.

काढलेल्या लिव्हरची तपासणी झाली. एक गाठ औषधाने पूर्ण मेलेली, दुसरी १.९ ची जिवंत. बारीक रक्तवाहिन्यांत शिरकाव नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतून आलेली एक गुणपत्रिका आहे, रिट्रीट नावाची. ती तीन गोष्टी बघते: रक्तवाहिन्यांतला शिरकाव, जिवंत गाठींचं माप व संख्या, आणि शस्त्रक्रियेच्या वेळचं अल्फा-फीटोप्रोटीन. शून्यापासून आठपर्यंत गुण. इथे जितके कमी तितकं चांगलं, आपल्या शाळेच्या उलट. शून्यवाल्यांत पाच वर्षांत कर्करोग परत येण्याचं प्रमाण शंभरात तिनाहून कमी, पाच किंवा जास्त गुणवाल्यांत पंचाहत्तराहून जास्त. याला मिळाले दोन.

महिन्याभरात टाळेबंदी. प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबलेला माणूस आणि बाहेर कोरोना. पुण्याहून औषधं धाराशिवला कशी पोचवली, कोणत्या दुधाच्या गाडीतून, ते आपल्या वर्गातल्या पोलिसाला विचारा. तो आज मुद्दाम मागे बसला आहे.

यापुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो अजून चालू आहे. वर्षभराने त्याने मला रिपोर्ट पाठवला, कोलेस्टेरॉल १९०, ९८ वरून दुप्पट. तो घाबरला. मला आनंद झाला. गिरणी सुरू होती! पण मग साखर चढायला लागली. नवं लिव्हर शरीराने नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस नावाचं औषध रोज घ्यावं लागतं. ते स्वादुपिंडाला त्रास देतं, साखर वाढवतं आणि किडनीवर ताण आणतं. ते कमी करून एव्हरोलिमस जोडलं, तर किडनीला आराम, पण ट्रायग्लिसराइड २६०. या दुसऱ्या जातीच्या औषधांनी कर्करोग परत यायचा टळतो असं वाटत होतं. त्यातल्या सिरोलिमसवर ५२५ रुग्णांचा मोठा अभ्यास झाला, २०१६ मध्ये निकाल आला: पहिली तीन ते पाच वर्षं काहींना फायदा, पुढे तो टिकत नाही. प्रत्यारोपण झालेल्यांपैकी साधारण निम्म्यांना पुढे वाढलेली साखर, बीपी, चरबी यांचं गाठोडं लागतं. पहिलं वर्ष पार पडल्यावर त्यांच्यातले बरेच जण लिव्हरने जात नाहीत. हृदयविकाराने जातात, किडनीने जातात. म्हणजे २०१६ मध्ये मी ज्या तीन ओळी वाचून अंगठा दाखवला, त्याच तीन ओळी आता त्याचं पुढचं आयुष्य ठरवायला परत हजर आहेत. आणि नव्या लिव्हरमध्येही चरबी साठते. वहिनींनी स्वच्छ दिलेलं आहे, एवढं लक्षात ठेव रे बाबा. कुंथलगिरीचा पेढा समोर आला की तुझा हात आधी जातो, आत्ताही मी बघितलं.

तो मला दर तपासणीला तेच विचारतो, पास का नापास. मी त्याला आता सरळ उत्तर देत नाही, ते का, ते सांगतो. हे सगळे आकडे हजारो माणसांच्या गटावरून काढलेले असतात. गटाबद्दल ते बरंच खरं बोलतात. एका माणसाबद्दल ते आपल्याकडच्या पावसाच्या अंदाजासारखे असतात. मराठवाड्यात सरासरीइतका पाऊस म्हणतात आणि परंड्यात ढेकूळ भिजत नाही. शिवाय रक्तातल्या एखाद्या आकड्याचा जगण्याशी संबंध दिसला म्हणजे तो आकडा बदलला की जगणं बदलेल असं नाही. एचडीएल कमी असलेले लिव्हरचे रुग्ण लवकर जातात, हे खरं. गोळीने एचडीएल वाढवून ते वाचतील, हे खरं नाही. ते कमी असतं ते लिव्हर थकलं म्हणून.

मग आकड्यांचा उपयोग काय? त्याचं उत्तर आपल्याच जिल्ह्याने जगाला दिलेलं आहे आणि आपल्याला माहीत नाही. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयात १९८७ पासून खेड्यांतल्या कर्करोगाची नोंद ठेवली जाते, त्यात आपले परंडा आणि भूम तालुके पहिल्यापासून आहेत. देशातली ही पहिली ग्रामीण नोंदणी. त्यानंतर १९९९ पासून बार्शी, मुंबईचं टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधली कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून आपल्या जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी केली. ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ बायका. आपल्या आया, मावश्या, थोरल्या बहिणी. काहींची एकदाच एचपीव्ही विषाणूची चाचणी केली, काहींची दुसऱ्या पद्धतींनी तपासणी, काहींना नेहमीचे उपचार. जिथे दोष सापडला तिथे लगेच उपचार. २००९ मध्ये निकाल आला. एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४,१२६ बायकांत ३४ मृत्यू. चाचणी न झालेल्या गटात ३१,४८८ बायकांत ६४. जवळजवळ निम्मे. जगभरच्या धोरणांत आज या अभ्यासाचा दाखला देतात आणि त्यावर नाव आहे उस्मानाबाद. माझी आई त्या वेळी तपासणीला गेली होती. घरी येऊन म्हणाली होती, "सुई नाही का काही नाही, लाजच काय ती." तिला कुणी सांगितलं नाही की तिने केवढं काम केलं.

चाचणी चांगली होती म्हणून त्या बायका वाचल्या नाहीत. चाचणी वेळेवर झाली, कुणीतरी ती नीट वाचली आणि पुढचं काम त्याच माणसांनी केलं, म्हणून वाचल्या. २०१६ मध्ये आपल्या मित्राची चाचणी झाली होती. वाचणारा जेवत होता.

तेव्हा पुढचा कार्यक्रम. संयोजकांना मी आधीच विचारलं आहे. चहानंतर मी आठवी 'ब' च्या वर्गात बसतो. ज्यांच्या मोबाईलमध्ये गेल्या वर्षभरातला रक्ताचा रिपोर्ट आहे त्यांनी घेऊन यावं. वय, एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेट, एवढ्या चार गोष्टी. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी नक्की. १.३ ते २.६७ च्या मधले आणि वरचे, त्यांना पुढे फायब्रोस्कॅन कुठे करायचा ते लिहून देईन. त्याच्या पुढच्यांना दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि अल्फा-फीटोप्रोटीन, न चुकता. चरबी असलेल्या लिव्हरला गोळीपेक्षा चालणं आणि सात-दहा टक्के वजन उतरवणं जास्त लागू पडतं. मुलांनाही आणा. तो मुलगा आला आहे, तो माझ्या शेजारी नावं लिहून घ्यायला बसणार आहे. त्याने दोन वर्षांत नऊ किलो उतरवले आणि त्याचं लिव्हर आता स्वच्छ आहे. आता कुणाला द्यायची गरज नाही म्हणून तो थोडा नाराज असतो.

आणि सर, आपण तिथे माझ्या शेजारी बसावं अशी विनंती आहे. सगळ्यांचे एसजीपीटी ४९ नसतात. वर्गमुळं काढायला मला अजूनही वेळ लागतो.